आतून लावलेली कडी

आमच्या ऑफिसात हिरव्या रंगाला कुणी विचारत नसे. सगळ्यांचा जीव लालात अडकलेला. भिंतीवर मोठा पडदा होता आणि त्यावर आमच्या गिऱ्हाइकांचा एकेक कंप्युटर म्हणजे एकेक ठिपका. पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती, सोडला की लाल ठिपके हिरवे होत जायचे आणि आम्ही दहा-बाराजण उरलेल्या लालांच्या मागे लागायचो. फोन करायचे, कंप्युटर चालू करा म्हणून विनवायचं, मग त्यांच्या साहेबांशी बोलायचं. एखादा ठिपका हिरवा झाला की तो आमच्यासाठी संपला. हिरव्यावर टिचकी मारून आत काय आहे हे बघितल्याचं मला तरी आठवत नाही.

पुण्यात येऊन मला तेव्हा चार वर्षं झाली होती. वऱ्हाडातून आलेली, त्यामुळे माझं ‘करून राहिले’, ‘जाऊन राहिले’ ऑफिसात चहाबरोबर तोंडी लावायला असे. मी चिडायचे, आणि चिडते म्हणून ते आणखी चिडवायचे. कामात मात्र माझ्या वाटेला कुणी जात नसे. आम्ही कंप्युटरला व्हायरसपासून राखणारं सॉफ्टवेअर बनवायचो, आणि त्या सॉफ्टवेअरमध्येच कुठे भोक निघालं तर ते बुजवायचं काम माझ्याकडे होतं.

त्या वेळचं भोक लाज आणणारं होतं. आमचं सॉफ्टवेअर कंप्युटरवर येणारी प्रत्येक फाइल आधी स्वतः उघडून बघायचं, आत काही विषारी नाही ना म्हणून. घोळ नेमका त्या उघडून बघण्यातच निघाला. विशिष्ट पद्धतीने गुंडाळलेली फाइल पाठवली, की आमचा पहारेकरी ती उघडायचा आणि ती फाइल सांगेल तसं वागायला लागायचा. कंप्युटरच्या मालकाने बोटही हलवायची गरज नाही. थोडक्यात, ज्यांच्याकडे आमचं सॉफ्टवेअर नव्हतं ते लोक सुरक्षित होते. हे मी मीटिंगमध्ये बोलून दाखवलं तेव्हा आमचे टीम लीड म्हणाले, ‘वा. आता हेच जाहिरातीत छापू या.’

लीड अस्सल पुण्याचे. कौतुक करायचं झालं तरी टोमणा मारल्यासारखं करायचे. पण माणूस हुशार होता. सॉफ्टवेअर स्वतःच्या आवृत्तीचा जो आकडा सांगतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांनी आम्हाला घोटून शिकवलं होतं. आकडा खोटा असू शकतो. म्हणून आमची यंत्रणा दर तासाला प्रत्येक कंप्युटरकडे एक निरुपद्रवी फाइल पाठवायची आणि भोकातून आत शिरता येतंय का ते बघायची. शिरता आलं की ठिपका लाल, नाही आलं की हिरवा. या पद्धतीचा आम्हाला फार अभिमान होता.

पॅच मी लिहिला. चार ओळींचा. या चार ओळींसाठी अकरा दिवस घातले, आणि त्या दिवसांत घरून आलेले फोनसुद्धा नीट उचलले नाहीत. गुरुवारी दुपारी चारला तो सगळीकडे सोडायचा ठरलं.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी पडद्यासमोर उभी होते. पॅच कुठेच गेलेला नव्हता, त्यामुळे पडदा लालभडक. कोपऱ्यात थोडे हिरवे होते, ते आमच्याच चाचणीचे कंप्युटर. पण त्या कोपऱ्याच्या बाहेर, लालांच्या मधोमध, एक हिरवा ठिपका होता.

‘सर, हा हिरवा कसा?’ मी विचारलं.

लीडनी मान वरसुद्धा केली नाही. ‘हिरवा आहे ना? मग त्याला आशीर्वाद द्या आणि लालांची यादी काढा.’

मला राग आला आणि त्या रागातच मी ठिपका उघडला. नाव वाचलं. ते नाव मीच टाइप केलेलं होतं: ‘धायरी लॅब’.

धायरीत मी ज्या घरी भाड्याने राहत होते त्या घराच्या तळमजल्यावर रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब होती. घरमालक आबा. त्यांची जमीन होती, ती गेली, तिच्यावर बिल्डिंगा झाल्या, आणि आबांच्या वाट्याला हे दोन मजली घर आणि दिवसभराचा रिकामा वेळ आला. लॅब त्यांच्या सुनेची. तिने लॅबचा डिप्लोमा केला होता. सासऱ्यांशी वर्षभर भांडून तिने तळमजल्याचं गोडाऊन मोकळं करून घेतलं आणि दोन वर्षांपूर्वी लॅब थाटली. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला ताई. लॅब उघडली त्या दिवशी कंपनीकडून मला फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर मीच मोठ्या तोऱ्यात तिच्या कंप्युटरवर घातलं होतं. ‘आता काळजी सोडा,’ असंही म्हटल्याचं आठवतं.

लीडना डबा विसरल्याचं सांगितलं आणि स्वारगेटवरून धायरीची बस धरली.

लॅबमध्ये दुपारी गर्दी नसे. वहिनी काचपट्ट्या धूत होत्या. मला अवेळी बघून त्यांनी हात पुसले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कंप्युटर कसा चाललाय.

‘एक नंबर!’ वहिनी खूश होऊन म्हणाल्या. ‘तुम्ही काय केलं हो ताई? पूर्वी सकाळी चालू केला की चहा होईस्तोवर बसायचा. आता लगेच उठतोय. घड्याळ कायम मागं पडायचं, ते बी बरोबर झालंय. तीन आठवडे झालं असतील. मी ह्यांना म्हटलं, ताई हापिसातून करत असतील, बोलून दाखवायचा स्वभाव नाही त्यांचा.’

तीन आठवडे. त्याच तीन आठवड्यांत वहिनींनी मला दोनदा पिठलं-भाकरी आणि एकदा शेंगोळी वर पाठवली होती. मी ती चाटूनपुसून खाल्ली होती. मला वाटलं, माया आहे. ती माया नव्हती, आभार होते, आणि तेही माझे नव्हेत.

मी खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा इंटरनेटची वायर उपटली. मग आमचं सॉफ्टवेअर उघडून बघायला लागले. भोक बुजवलेलं होतं, आणि ते आम्ही बुजवलेलं नव्हतं. कुणीतरी त्याच भोकातून आत आलं होतं आणि आल्यावर मागे वळून कडी लावून घेतली होती. असं करतात, हे मी ऐकून होते. एक चोर आत शिरला की दुसरा येऊ नये म्हणून दार बंद करतो. पण ऐकणं वेगळं आणि आपल्याच घराच्या तळमजल्यावर बघणं वेगळं. मी अकरा दिवस घालून चार ओळी लिहिल्या होत्या. त्याने तीन ओळींत काम केलं होतं. मी त्या तीन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. माझ्यापेक्षा नीट होत्या. मला भीतीच्या आधी मत्सर वाटला, हे कबूल करते.

त्याने घरही झाडून काढलं होतं. जुने दोन व्हायरस, जे आम्हाला कधी सापडलेच नव्हते, त्याने काढून टाकले होते. फालतू फायली गेल्या होत्या. घड्याळ लावलं होतं. मी विचार करत बसले, हा असं का करेल? मग लक्षात आलं. ज्याला एखाद्या घरात गुपचूप राहायचंय तो गळका नळ स्वतःच दुरुस्त करतो, म्हणजे प्लंबर यायचा नाही. कंप्युटर कुरकुरला असता तर वहिनींनी मला खालून हाक मारली असती. तीन आठवडे त्यांनी हाक मारली नव्हती.

मी पायऱ्यांवर येऊन लीडना फोन केला आणि सगळं सांगितलं. या वेळी टोमणा आला नाही.

‘थांबा,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या बुटांचा पडद्यापर्यंत जाणारा आवाज मी ऐकला. ‘आपले चाचणीचे एकतीस. हिरवे एकूण...’ ते मोजत राहिले. ‘चाळीस.’

म्हणजे नऊ. धायरीचा एक, आणि आणखी आठ असेच लालांत मिसळलेले.

‘काल किती होते?’ मी विचारलं.

‘पडदा कालचं लक्षात ठेवत नाही,’ लीड म्हणाले. ‘आणि उद्या चारनंतर...’ पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती. उद्या चारनंतर सगळेच हिरवे होणार होते, आणि मग त्याचे कुठले नि आपले कुठले, हे कुणालाच सांगता आलं नसतं. त्या दुपारी त्यांनी सगळ्यांना लालांवरून उठवून त्या आठांच्या मागे बसवलं. आठही जागी कंप्युटर उत्तम चालल्याचं सांगण्यात आलं. दोघांनी आमचे आभार मानले.

मी लॅबमध्ये परत गेले आणि वहिनींना जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं, की मी काही केलेलं नाही, दुसरं कुणीतरी आहे. त्यांचा पहिला प्रश्न एकच होता. ‘माझ्या रिपोर्टांना हात लावलाय का त्यानं?’

प्रश्न बरोबर होता. बाकी सगळ्याची किंमत शून्य होती. गावात डॉक्टर त्यांच्या कागदावर विश्वास ठेवून गोळ्या लिहून देत होते. आबांचंच उदाहरण ताजं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं, ऑपरेशन ठरलं होतं. सुनेच्या लॅबच्या रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची साखर दोनशे अठ्ठेचाळीस आली आणि डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. तेव्हापासून आबा बिनसाखरेचा चहा पीत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, म्हणजे बहुतेक वेळा मला, सुनावत होते, ‘आमच्या सात पिढ्यात कुणाला साखर न्हाय. ह्या पोरीच्या मिशनीला झाली आसंल.’

तपासायचा एक मार्ग होता. वहिनी कंप्युटरमध्ये भरायच्या आधी प्रत्येक आकडा हाताने वहीत लिहीत. रक्त तपासायच्या यंत्राच्या काचेवर आकडा दिसे, तो त्या वाचत, वहीत लिहीत, मग टाइप करत. यंत्रातून कंप्युटरला जोडणारी एक केबल होती, पण ती विकणाऱ्या माणसाने जोडून दिल्यापासून एकदाही चालली नव्हती. म्हणून वही.

त्या वहीतून वाचायला लागल्या, मी पडद्यावर बघू लागले. तीन आठवड्यांचे रिपोर्ट. सगळे जुळत गेले. मग एक जुळला नाही. त्या थांबल्या, मीही थांबले, पुढे गेलो. संध्याकाळपर्यंत असे चार निघाले, आणि चौथा आबांचा. वहीत एकशे अठ्ठेचाळीस, कंप्युटरमध्ये दोनशे अठ्ठेचाळीस.

वहिनींनी वही छातीशी धरली. ‘म्हंजी आबांना एवढी साखर नाहीच! त्यानं बदललाय आकडा.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्या माणसाचा इतका संताप आला, की तो समोर असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. म्हाताऱ्याच्या डोळ्याशी खेळायचं? कशासाठी?

आबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘म्या काय म्हनत हुतो?’ आणि दोन चमचे साखर घालून चहा मागितला. वहिनींनी मात्र दिला नाही. उद्या सकाळी उपाशीपोटी पुन्हा तपासू, तोवर थांबा म्हणाल्या. ही बाई शिकलेली होती आणि आपल्या धंद्याला जागणारी होती, हे इथे सांगायला हवं.

गुरुवारी सकाळी सातला आबा लॅबमध्ये येऊन बसले, अंगठ्याने पंच्याचं टोक चोळत. वहिनींनी त्या मोठ्या यंत्राला हात लावला नाही. शेजारच्या मेडिकलमधून बोटाचं रक्त तपासायचं नवं छोटं यंत्र आणलं होतं. सुई टोचली, थेंब घेतला. छोट्या काचेवर आकडे फिरले आणि थांबले. दोनशे एकावन्न.

वहिनींनी दुसऱ्या बोटाला सुई टोचली. दोनशे पंचेचाळीस.

आबांनी सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘काय झालं? चांगलं हाय ना?’

मी उठून कंप्युटरशी गेले. वायर तशीच उपटलेली होती. कालपर्यंत मी त्याने काय बिघडवलं हे शोधत होते. आता काय सुधारलंय हे शोधलं, आणि दहा मिनिटांत सापडलं. त्या बंद केबलची मांडणी कुणीतरी बदलली होती. तीन आठवड्यांपूर्वी. तेव्हापासून रक्ताच्या यंत्रातला आकडा थेट कंप्युटरमध्ये येत होता आणि वहिनींनी टाइप केलेल्या आकड्यावर गुपचूप बसत होता. बहुतेक वेळा दोन्ही आकडे एकच असायचे, म्हणून कुणाला कळलं नाही. जुळले नव्हते त्या चारही जागी यंत्राची मूळ नोंद मी उघडली. चारही वेळा कंप्युटर बरोबर होता. वही चुकलेली होती.

मला हे वहिनींना सांगावंसं वाटत नव्हतं, पण सांगितलं. त्या मागे उभ्या राहून वाचत होत्या. सोमवार, सोमवार, शनिवार, सोमवार. गर्दीचे दिवस. एका हाताने सुई, दुसऱ्या हाताने पेन, बाहेर बाकावर पंधरा माणसं.

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग काढू नका त्याला.’

‘काय?’

‘राहू द्या म्हणते. त्यानं काय वाईट केलं? केबल चालू केली. तुम्हाला दोन वर्षं मी ती केबल दाखवत होते, ताई. तुम्ही म्हणायच्या, पुढच्या रविवारी बघते.’

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. मी आवाज चढवला. खरं बोलणाऱ्यावर माणूस चढवतो तसाच. तो कोण आहे माहीत नाही, कुठे बसलाय माहीत नाही, आज बरोबर आकडा घालतोय तो उद्या कुठला घालेल याची हमी कोण देणार, असं बरंच बोलले. या कंप्युटरमधून तो इतरांचं काय करत असेल, तेही बोलले. सगळं बरोबर होतं. पण मला पूर्ण वेळ वाटत होतं, की तो ऐकतोय, आणि मान हलवतोय. वायर निघालेली होती तरी वाटत होतं.

वहिनी शेवटी ‘बरं’ म्हणाल्या. रिपोर्टांच्या आणि यंत्राच्या नोंदींच्या प्रती मी वेगळ्या काढल्या आणि कंप्युटर पूर्ण पुसायला लावला. पडद्यावर एक पांढरी पट्टी हळूहळू भरत होती. तीन ओळी पुसल्या जात होत्या, त्या मी कुठेही लिहून घेतल्या नव्हत्या. दुपारी चारला त्यांच्या जागी माझ्या चार जायच्या होत्या.

वहिनी त्या पट्टीकडे बघत उभ्या होत्या. आबा बाकावर बसून बोटाला कापूस दाबत होते. मग वहिनी अगदी हळू, जणू मलाच नव्हे तर स्वतःलाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलल्या.

‘ताई, हे तीन आठवडे तो होता.’

‘हो.’

‘त्याच्या आधी दोन वर्षं नुसती मीच होते ना?’

त्या दोन वर्षांत केबल बंद होती. यंत्र जुन्या नोंदी फार दिवस ठेवत नव्हतं. रक्त तर त्याच संध्याकाळी फेकून दिलेलं. त्या दोन वर्षांचा पुरावा म्हणजे फक्त वह्या, आणि वह्या वहिनींच्याच हातच्या. कुठला सोमवार चुकला आणि कुठला नाही, हे सांगणारं जगात कुणी नव्हतं.

वहिनींनी फळीवरून सगळ्यांत जुनी वही काढली. नावांपुढे फोन नंबर होते. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पहिल्या सोमवारपासून फोन लावायला लागल्या. लॅबमधून बोलतेय, एकदा येऊन जा, रक्त पुन्हा तपासू, पैसे नकोत. पहिले तीन जण हसले, बरं म्हणाले, आज नाही उद्या येतो म्हणाले. वहिनींचा आवाज जरा मोकळा झाला.

चौथ्या नंबरवर एका बाईने फोन उचलला. वहिनींनी नाव विचारलं आणि मग नुसत्याच ऐकत राहिल्या. फोनमधला आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. ते मागच्या दिवाळीतच गेले, असं ती बाई सांगत होती. तुमच्याकडेच तपासलं होतं की, सगळं नॉर्मल आलं होतं.

वहिनींनी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं होतं. ते त्यांनी उचललं नाही.